ड्रायव्हरकाकूंचं पासिंग

ड्रायव्हरकाकू व्हॅनमध्ये बसण्याआधी चपला काढायच्या. फाटकाच्या आत, भिंतीला लावून जोड नीट ठेवायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि अनवाणी पायाने ब्रेक दोनदा दाबून पाहायच्या. नाचणगावात त्यांच्या पुढच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहायला गेलो, तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, बाई गाडीला देव मानते. असतात अशी माणसं. नवव्या दिवशी न राहवून विचारलंच. हा माणूस पुलगावच्या शाळेत मुलांना काय शिकवत असेल, अशा काळजीने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, ब्रेक किती खाली गेला हे चपलेले समजते काय? पायाले समजते."

त्यांची व्हॅन नाचणगावची मुलं पुलगावच्या शाळेत न्यायची आणि आणायची. काकूंचं पाहून काही मुलंही पायरीशी चपला-बूट काढू लागली होती. एका जूनमध्ये पहिलीतल्या एका नव्या मुलाने बूट घरीच, अंगणात काढले आणि भक्तिभावाने गाडीत चढला. शाळेत पोचल्यावर सगळा उलगडा झाला. मुख्याध्यापकांनी काकूंना विचारलं, "ही काय नवीन प्रथा?" काकूंनी गाडी वळवली, नाचणगावला जाऊन बूट आणले आणि स्वतःच्या हाताने त्या पोराच्या पायात घातले. संध्याकाळी मला म्हणाल्या, "पोट्टे सांगितलेलं नाई ऐकत, सर. पाह्यलेलं करतात. म्हून भेव वाटते."

वेगाच्या बाबतीत न बोललेलंच बरं. पुलगावच्या रस्त्यावर एकदा सायकलवरच्या एका म्हाताऱ्याने त्यांना मागे टाकलं आणि वळून आपुलकीने विचारलं, "काय वो बाई, बंद पडली काय?" मुलं आठवडाभर हसत होती. काकूही हसल्या. दुसऱ्या दिवशी गाडी तेवढ्याच वेगाने निघाली.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, घरीच शिलाई करायचे. ते कामाला होते ती कापडगिरणी बंद पडल्यावर त्यांनी शिलाई मशीन घेतली आणि बायकोने स्टिअरिंग. गावात यावर पुष्कळ विनोद झाले आणि विनोद करणाऱ्यांचीच मुलं पुढे त्या व्हॅनमध्ये बसू लागली. काकांना स्वतःला मात्र गाडीची विलक्षण धास्ती. एवढ्या वर्षांत ते तिच्यात एकदाही बसले नव्हते. गाडीवरचं त्यांचं सगळं प्रेम कव्हरांवर निघायचं. हिरवं रेक्झिन, लाल किनार, दर दिवाळीला नवा जोड. परीटघडीच्या धोतरासारखी ती व्हॅन आतून नेहमी नीटनेटकी.

आता पासिंगबद्दल. गाडीचं सरकारी पासिंग, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याची तपासणी, सगळ्यांचंच होतं. काकूंचं एक वेगळं पासिंग असायचं. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी, ऊन उतरल्यावर उघडतात. त्याआधीच्या रविवारी सलीम मिस्त्री यायचा. काकू किल्ली त्याच्या हातात द्यायच्या आणि स्वतः सगळ्यात मागच्या, पहिलीतल्या पोरांच्या सिटावर जाऊन बसायच्या. गुडघे हनुवटीला टेकलेले, खालची मॅट काढून टाकलेली, दोन्ही तळपाय उघड्या पत्र्यावर. मग सलीमने गाडी खड्ड्याखड्ड्यांतून न्यायची. पृथ्वीतलावर मुद्दाम खड्डे शोधत फिरणारी ही एकच गाडी असावी. सलीम कळवळून म्हणायचा, "काकू, कमर जाएगी, अब उतरो." काकू मागून ओरडायच्या, "चाल, अजून एक खड्डा घे! ब्रेक जोरात मार!" तासाभराने त्या उतरायच्या आणि कुठे काय ढिलं झालंय ते बोटाने दाखवायच्या. सलीम खाली सरपटत जायचा आणि तिथेच दोष निघायचा. हे मी सहा वर्षं पाहिलं आणि सहाही वेळा तोंडात बोट घातलं.

"समोर बसणाऱ्याले इंजिन समजते," त्या म्हणायच्या. "गाडी मागं बसणाऱ्यालेच समजते."

पुढे माझी बदली वर्ध्याला झाली आणि मी शेजारच्या बोरगाव मेघेत राहायला गेलो. तरी महिन्या-दोन महिन्यांनी नाचणगावला चक्कर व्हायची. अशाच एका मार्चमध्ये गेलो तर व्हॅन अंगणात उभी, सलीम तिच्याखाली, आणि काकू विटेवर बसलेल्या. गाडीने पंधरा वर्षं ओलांडली होती. इंजिन ठणठणीत होतं. मागच्या सिटाखालचा पत्रा मात्र गंजून गेला होता. त्यावर आधी दोनदा नवा पत्रा वेल्ड केलेला होता.

"तीसरा मार देता हूँ," सलीम म्हणाला. "एक साल निकल जाएगा."

काकूंनी मान हलवली. "तिसरा पत्रा गाडीले नाई लागत, सलीम. आपल्या मनाले लागते."

मग राहिलं विकणं. सगळ्यांचं मत तेच होतं, माझंही. चालती गाडी विकली तर दुसऱ्या व्हॅनचा पहिला हप्ता भरता येणार होता आणि जूनमध्ये काकू पुन्हा रस्त्यावर दिसल्या असत्या. मोडीत काढली तर हातात येणार लोखंडाचा भाव. म्हणजे गाडी गेली आणि गाडी चालवणंही गेलं. काकांची नजर अधू झाली होती, शिलाई कमी झाली होती. दोघांची चूल त्या चार चाकांवरच पेटत होती. मी मोठ्या उत्साहाने गिऱ्हाईक शोधलं. आमच्या लेआउटमधली, म्हणजे वसाहतीतली मुलं शाळेत नेणारे गजूभाऊ. त्यांच्याकडे दोन गाड्या होत्या, जूनपासून तिसरी हवी होती. मनात म्हटलं, काकूंचे आपल्यावर इतके उपकार, निदान एक तरी फेडू.

रविवारी गजूभाऊंना घेऊन गेलो. त्यांनी इंजिन ऐकलं आणि खूश झाले. कव्हरांवरून हात फिरवला आणि आणखी खूश झाले. काकूंनी काही आडपडदा ठेवला नाही. "मागचा खालचा पत्रा गेला आहे, भाऊ," त्या म्हणाल्या.

"चालते ना काकू. मॅट टाकू वरून."

झालं, मला वाटलं. खरं सांगून झालं, घेणारा राजी आहे, आता चहा. काकू मात्र म्हणाल्या, "मागं बसून पाहा एकदा."

गजूभाऊ हसले. "मले इंजिन पाह्यचं होतं, पाह्यलं."

"सर, मंग तुमी बसा. चप्पल काढा."

मी अवघडून मागे बसलो. काकूंनी मॅट ओढून काढली, पुढे जाऊन गाडी सुरू केली आणि गल्लीच्या टोकापर्यंत नेली. वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. माझ्या डाव्या तळपायाखालचा पत्रा हलला. फार नाही, जेमतेम बोटभर खाली गेला आणि पुन्हा वर आला. एक क्षण पायाला रस्त्याची गरम हवा लागली. मी दोन्ही पाय वर ओढून घेतले.

अंगणात परत आल्यावर मी उतरलो. काकूंनी पत्र्याबद्दल मला काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "सर, तुमची पोरगी यंदा पहिलीत जाईन नाई काय? कोन्या गाडीत?"

मी गजूभाऊंकडे पाहिलं. ते कव्हराची किनार उलटून शिलाई पाहत होते. माझी लेक जूनपासून त्यांच्याच गाडीतून जाणार होती, आणि पहिलीतली पोरं बसतात मागेच. इतके दिवस हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. शरमेने मला मान वर करवेना.

"पण काकू, तुम्ही तर त्यांना सांगितलंय," मी कसंबसं म्हणालो.

"मी सांगितलं म्हंजे माहा जीव मोकळा झाला," काकू म्हणाल्या. "पोराईचा?"

एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या. खरं सांगतो, त्या घडीला मला त्या बाईची भीती वाटली. इतकं साधं बोलून स्वतःच्या हाताने स्वतःची चूल विझवणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. गजूभाऊ चहा पिऊन रिकाम्या हाताने निघाले.

निदान परीक्षा होईपर्यंत तरी चालवा, असं मुलांच्या घरच्यांनी विनवलं. "एकच महिना आहे ना काकू!" काकू म्हणाल्या, "खड्डा काय महिना पाहून येते?"

सगळे कागद करून चार दिवसांनी व्हॅन वर्ध्याच्या कबाड्याकडे निघाली. काकूच चालवत होत्या, अर्थात अनवाणी. शेजारच्या सिटावर काका बसले होते, आयुष्यात पहिल्यांदा, दोन्ही हातांनी दांडी धरून. मी मागून स्कूटरवर होतो. काकांनी आदल्या दिवशी सगळी कव्हरं उसवून काढली होती. कबाडी म्हणाला, ठेवून जा, सवडीने तोडतो. काकूंनी ऐकलं नाही. "माह्या समोर काट. नाईतर उद्या रस्त्यावर भेटन." पोरं घेऊन भेटेल, असं त्यांना म्हणायचं होतं. गॅसकटर लागला तेव्हा काकांनी तोंड फिरवलं. काकू शेवटपर्यंत बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

शाळा बंद व्हायला अजून काही आठवडे होते. सकाळची शाळा होती. काकूंनी मुलांच्या घरच्यांना वर्षभराचा शब्द दिला होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटेच नऊ मुलं फाटकाशी गोळा केली आणि पायी पुलगावला निघाल्या. पुढे काकू, मागे पोरांची रांग, मोठ्यांची दप्तरं त्यांच्या पाठीवर आणि लहानांची काकूंच्या खांद्यावर. परत आणतानाचं ऊन मी सांगायची गरज नाही. डोक्याला रुमाल बांधून ती वरात रोज परतायची, आणि पोरांना तर गाडीपेक्षा हेच आवडू लागलं. परीक्षा संपल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा काकूंनी चपलेचा तुटलेला अंगठा दाखवला. "पंधरा वर्षांत चपला कधी झिजल्या नाई, सर. एका महिन्यात गेल्या." जणू मोठा विनोद सांगावा तशा त्या हसल्या.

त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. काकांच्या मशीनशेजारी आणखी एक मशीन आली आणि दोघं मिळून पिशव्या शिवू लागले. हिरव्या रेक्झिनची, लाल किनारीची डब्याची एक पिशवी माझ्या लेकीलाही आली. काकूंना जाऊन आता वर्ष होत आलं. काका म्हणाले, शेवटपर्यंत गल्लीतून गाडी गेली की त्या हातातलं काम थांबवून कान द्यायच्या.

व्हॅन मोडीत गेली त्याच वर्षीच्या जूनमध्ये, शाळा उघडण्याआधीच्या रविवारी, मी गजूभाऊंच्या दारात गेलो आणि म्हणालो, मागच्या सिटावर बसून पाहायचं आहे. ते हसले. "सर, पासिंग झालं आहे ना." मी चपला काढून तिन्ही गाड्यांत बसलो, त्यांनी दुसरीकडून घेतलेल्या तिसरीतही. त्यांनी तोंड वाकडं करत एकेक गाडी फिरवली. पुढच्या वर्षीही तसंच. हसणं थोडं कमी झालं होतं.

यंदा गेलो तर अंगणात दोनच गाड्या उभ्या.

"तिसरी?" मी विचारलं.

"मोडीत देल्ली. समोर उभा राहून काटून घेतली." गजूभाऊ दुसरीकडे बघत म्हणाले. ते अनवाणी होते. "या दोन्हीत मी बसून पाह्यलं, सर. मागं. तरी तुमी बसून घ्या."

मी चपला भिंतीला लावून ठेवल्या आणि मागे जाऊन बसलो.