अक्काची हनुवटी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सरांना नाही, चार पेग पोटात गेल्यावरसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय म्हणजे तुम्ही फार मोठे लागून गेलात असं समजू नका. तुम्ही आमच्या घरी येणार नाही, अक्काला भेटणार नाही — एवढंच. आणि मध्येच ‘जाऊ दे, लहान होतास’ म्हणायचं नाही. तेवीस वर्षांचा घोडा होतो. सगळं कळत होतं.

अक्का माझी थोरली बहीण. वडील गेले आणि पाठोपाठ आईला लकवा मारला, एक अंग गेलं. तिला उठवायचं, पुसायचं, भरवायचं, शिवाय दोन म्हशी, डेअरीला दूध — सगळं अक्का करायची. मी काय करायचो? गळ्यात कॅमेरा अडकवून उचगावहून मंगळवार पेठेत सरांच्या स्टुडिओत फोटोग्राफी शिकायला जायचो. आईची एक चादर कधी धुतली असेल? नाही.

सर पोर्ट्रेट शिकवायचे. लाईट किती वर, सावली कुठं पडू द्यायची. एक गोष्ट त्यांनी डोक्यात ठोकून बसवली होती — कुणाचेच दोन डोळे सारखे नसतात. बारीक असेल तो डोळा कॅमेऱ्याच्या जवळ घ्यायचा, म्हणजे तो मोठा दिसतो. उलटं केलं की चांगला चेहराही बिघडतो. हे मला पाठ होतं. चुकून झालं असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून सांगतोय.

अक्काचा डावा डोळा जरासा बारीक आहे.

त्या वर्षी मामांनी तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. बायोडाटा तयार झाला, फोटो तेवढा राहिला. घरात शिकाऊ का होईना फोटोग्राफर असताना बाहेर कशाला जायचं? सर लग्नाच्या ऑर्डरीला गेले होते, त्या दिवशी ती वडापच्या जीपनं आली. शेजारच्या काकूंचं मोरपंखी काठापदराचं लुगडं नेसून, आईला भरवून, दूध घालून.

“चांगला काढ की रं,” म्हणाली. “पावणं पयला फोटोच बघत्यात.”

आणि स्टुलावर बसली ती बरोबर बसली. कुणी न शिकवता डावी बाजू पुढं. मी लाईटवर मोठा कापडी सॉफ्टबॉक्स लावला, सावली मऊ व्हावी म्हणून दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला आणि एक फोटो काढला. स्क्रीनवर बघितला.

फार सुंदर दिसत होती.

भावाला आनंद झाला असेल, नाही का? मी हिशेब मांडला. हा फोटो गेला की पहिलंच स्थळ होकार देणार. अक्का जाणार. मग आईचं कोण करणार — मी?

तो फोटो मी पुसून टाकला. सॉफ्टबॉक्स काढला. उघडा लाईट पार वर चढवला, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत अंधार पडतो. थर्माकोल बाजूला नेऊन ठेवला. आणि तिच्या हनुवटीला दोन बोटं लावून तिचं तोंड दुसरीकडं फिरवलं. बारीक डोळा लांब गेला. तिनं निमूट फिरवू दिलं. मला उलट तिचाच राग आला. हिला जायची एवढी कसली घाई? दोन तास मी मन लावून वाईट फोटो काढत होतो. इतक्या काळजीनं मी आयुष्यात दुसरं काम केलेलं नाही.

तो फोटो व्हॉट्सअॅपवर सगळ्या पाहुण्यांत फिरला. ‘कळवतो’ म्हणाले, कुणी कळवलं नाही. एका बाईनं मामींना विचारलं, पोरीच्या डोळ्यात काही दोष आहे का? मामींनी ते अक्काच्या तोंडावरच सांगितलं. सरांनी फोटो बघून कपाळाला आठ्या घातल्या, तर मी म्हणालो, बहिणीला नीट बसताच येत नव्हतं. म्हणजे तेही तिच्यावरच ढकललं.

आई नऊ वर्षं अंथरुणाला होती. नऊ वर्षं अक्कानं केलं. तेवढ्या काळात माझं लग्न झालं, मुलगी झाली, स्वतःचा स्टुडिओ झाला. स्थळासाठी फोटो काढायला लांबून लांबून पोरी माझ्याकडं येतात. त्यांचा बारीक डोळा मी बरोबर जवळ घेतो. आता अक्का चाळिशीला टेकली आहे आणि कुणी मोबाईल वर केला की ती उठून आत जाते.

गेल्या महिन्यात गारगोटीचं स्थळ आलं. बायको वारलेले मास्तर, माणूस चांगला. मामा आमच्याकडं जेवायला होते. त्यांनी फोटो मागितला. अक्का भाकऱ्या थापत होती.

“फोटो नगो मामा,” ती म्हणाली. “माझा वंगाळच येतोय. मागं ह्यानं काढलता की. दोन तास लाईटी हलवून घामाघूम झालता बिचारा. तोंडच असलं हाय, त्यो तरी काय करणार?”

मामांनी माझ्याकडं बघितलं. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. मी चटणी वाढून घेतली. मामांनी विषय सोडला, गारगोटीला नकार गेला.

अक्कानं तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. मी ती मोडली आणि जेवलो.