काकांचे तीन ठोके

माझे काका जुन्या शिकारी रायफलींची पारख करत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची म्हणून आणलेली रायफल खरंच तेवढी जुनी आहे, की कुणा हुशार माणसाने मागच्या खोलीत बसून ती जुनी केली आहे, हे सांगणं त्यांचं काम. आमच्या घरातली उत्तरेची खोली त्यांची. तिथे एक लांब टेबल, त्यावर भिंग, दिवा आणि एक लाकडी हातोडा. लोक लांबून यायचे, पेटी उघडायचे आणि हात बांधून उभे राहायचे. काका तासभर भिंगातून पाहत राहायचे. मालक या पायावरून त्या पायावर होत राहायचा, आणि खरं सांगायचं तर मला ते बघायला मजा यायची.

मी त्यांची टाइपिस्ट. दाखला ते तोंडी सांगत आणि मी उतरवून घेई. तीस वर्षं हे केल्यावर दगडालाही काहीतरी कळलं असतं. हाताने कोरलेल्या नक्षीची कड नखाला लागते, ॲसिडने उठवलेली नक्षी मऊ पडते. लाकडी दस्ता गाल टेकतो तिथे जास्त झिजायला हवा. सगळीकडे सारखाच झिजला असेल, तर ते काम कानशीचं. आणि शेवटी स्क्रू. चांगला कारागीर स्क्रू आवळताना सगळ्यांच्या खाचा एका रेषेत आणून ठेवतो. नंतर कुणी एकदा जरी ते उघडले, तरी पुन्हा तसे बसत नाहीत. "माणसाने तोंड उघडलं की कसं कळतं, तसंच," काका म्हणायचे.

मला मागणी घालायला आलेल्या दोघांनाही त्यांनी असंच उजेडाला धरून पाहिलं होतं. दोघेही नापास. पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही, दुसऱ्याबद्दल थोडी आहे.

पण काका एक गोष्ट अशी करत, जी दुसरा कुठलाच पारखी करत नसे. सगळं पाहून झालं की दस्त्याला फडकं गुंडाळायचं, रिकाम्या रायफलीचा घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा तुकडा, मागे ओढून चढवायचा आणि दस्त्यावर हातोड्याने तीन ठोके मारायचे. ठक, ठक, ठक. चाप न ओढता घोडा पडतो का, ते बघायला. अस्सल-नकलीशी याचा काडीचा संबंध नव्हता आणि दाखल्यात ते कधी येत नसे. लहानपणी मी शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसून ते ठोके मोजायची, आणि आई उठून दार लावून घ्यायची. माझ्या आठवणीत दोनदा घोडा आपोआप पडला. दोन्ही वेळा काका हसत बाहेर आले आणि मला आइस्क्रीम खायला घेऊन गेले. मला वाटायचं, रायफल भारी निघाली असणार.

खरं कारण कळलं ते आई गेल्यावर. माझे बाबा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. मी आईच्या पोटात असताना दोघे भाऊ आजोबांची रायफल घेऊन शिकारीला गेले. ओढा ओलांडताना बाबा पुढे होते. रायफल होती मागच्या काकांच्या हातात, आणि काका होते सतरा वर्षांचे. त्यांनी उडी मारली आणि गोळी सुटली. "आपोआप सुटली," एवढंच ते घरी येऊन म्हणाले. आजोबांनी लगेच मानलं, आईनेही मानलं. यंत्रच खराब होतं, असं घरात ठरून गेलं. आजोबांनी महिन्याच्या आत रायफल विकून टाकली. एवढं मला माहीत होतंच. काकांनी त्यात एका वाक्याची भर घातली. "बोट कुठे होतं, ते मला आठवत नाही गं."

त्यानंतर कुणी दार वाजवलं तरी मी मनात तीनपर्यंत मोजायला लागले.

काका सत्तरीला आले त्या हिवाळ्यात, एके सकाळी गोडबोल्या आला. हा जुन्या वस्तूंचा दलाल. त्याचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण तो कधी खरं बोलत नाही, तर मी तरी कशाला घेऊ? त्याने पेटी उघडली.

"काका, अशी चीज पुन्हा दिसायची नाही. मागच्या मालकाने नुसती कपाटात ठेवली होती. एकदाही उडवली नाही."

काकांनी नळीखालचा नंबर पाहिला. भिंग खाली ठेवलं, पुसलं, पुन्हा पाहिला. मीही वाकून पाहिला. चार आकडे. आमच्या तिजोरीचं कुलूप मी रोज त्याच चार आकड्यांवर उघडत होते. हेच आकडे का, असं मी कधी विचारलं नव्हतं.

"तू जा," काका गोडबोल्याला म्हणाले. "उद्या ये."

मग त्यांनी ती रायफल पाहिली, इतर कुठल्याही रायफलीसारखीच. नक्षी हाताची. दस्ता मूळचा. स्क्रूच्या खाचा एका रेषेत, आणि त्यांत जुना मळ घट्ट बसलेला. आतलं यंत्र कुणी कधीही उघडलं नव्हतं. ओढ्यावर जे होतं, तेच आता टेबलावर होतं.

त्यांनी घोडा चढवला आणि तीन ठोके मारले. पडला नाही. आणखी तीन मारले. मग हातोडा माझ्यापुढे धरला.

"तू मार. माझा हात हलका पडत असेल."

मी जीव खाऊन मारले. मोजायचं सोडून दिलं. "पड ना मेल्या," मी मोठ्याने म्हणत होते. दस्त्याचं फडकं फाटलं तेव्हा काकांनी माझा हात धरला. मग त्यांनी चापावर बोट ठेवलं, अगदी हलकेच. टक्. एवढासा आवाज.

"यंत्र नंतर बदललंय, असं लिहू या," मी म्हटलं. "तुमच्या शब्दापुढे कोण जाणार आहे?"

"मग ती खोटी ठरेल."

"ठरू दे ना! एक रायफल खोटी ठरली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"लिही," ते म्हणाले.

मी टाइपरायटरमध्ये कागद घातला.

"रायफल पूर्णपणे अस्सल. नळी, दस्ता, नक्षी मूळची. यंत्र कधीही उघडलेलं नाही." काकांनी फाटलेलं फडकं घडी करून ठेवलं. "चाप ओढल्याशिवाय ही सुटत नाही."

"हे दाखल्यात लागत नाही, काका."

"या एका दाखल्यात लागतं."

मी ते टाइप केलं. बाबांना मी कधी पाहिलं नाही, तेव्हा त्यांच्यासाठी रडू आलं असं म्हणणार नाही. रडू आलं ते या माणसासाठी. त्यानेच मला शाळेत सोडलं, तापात उशाशी बसला, माझ्या नावाने घर केलं. आणि राग आला आजोबांचा, आईचा. सतरा वर्षांच्या पोराने एक वाक्य बोलावं आणि सगळ्यांनी घाईघाईने मान डोलवावी! कुणी एकदा त्याला धरून नीट रागावलं असतं, तर त्याला हातोड्याची गरज पडली नसती.

दाखल्यावर दोन सह्या असतात. एक पारखणाऱ्याची आणि एक वाचून पाहणाऱ्याची. काकांनी आपली केली. मी नेहमी आद्याक्षरांवर उरकते. त्या दिवशी सावकाश पूर्ण नाव लिहिलं. आधी माझं, मध्ये बाबांचं, शेवटी आडनाव, जे आम्हा तिघांचं एकच आहे.

काकांनी भिंग उचललं आणि मधल्या नावावर धरलं. बराच वेळ धरलं.

"रागावलीस?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हो," मी म्हटलं. "खूप."

तेव्हा कुठे काका रडले.