न बोललेली दवंडी

जाहिरातीचा कागद हातात आला की चाचा आधी चष्मा काढायचे, कागद पालथा करून टेबलावर ठेवायचे आणि आणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे.

"खरं हाय ना?"

समोरचा हो म्हणाला तरी ते लगेच वाचायला घेत नसत. थोडा वेळ तसेच पाहत राहायचे. बरीच माणसं त्या पाहण्यानेच कागद परत मागून दुरुस्त करून आणत.

अकोल्याच्या जुन्या शहरात माझी रेकॉर्डिंगची एक लहानशी खोली आहे. रिक्षावर भोंगा लावून फिरवतात त्या जाहिराती आम्ही तिथे करतो. तुम्ही अकोल्यात चार वर्षं जरी काढली असतील, तरी चाचांचा आवाज तुमच्या कानात असणारच. नळाला पाणी कधी येणार, लहान लेकरांना डोस कुठे पाजणार, कुणाची मयत किती वाजता निघणार, हे सगळं गाव त्यांच्याच तोंडून ऐकायचं. मराठी आणि उर्दू, दोन्ही त्यांच्या जिभेवर सारख्याच सहज यायच्या. हरवलेल्या लेकराची दवंडी ते फुकट द्यायचे आणि लेकरू सापडल्याशिवाय जेवायचे नाहीत.

एकदा एक कापड दुकानदार 'फक्त तीन दिवस' असा सेल घेऊन आला. चाचांनी विचारलं, "चौथ्या दिवशी दुकान बंद राहीन का?"

"नाही चाचा, असं बोलाच लागते. सगळेच बोलतात."

"मंग सगळ्यायकडून बोलून घे."

दुसऱ्या एका सकाळी एक माणूस धापा टाकत आला. अमरावतीत मामा वारले, दुपारी मयत, लगेच गाडी फिरवा म्हणाला. चाचांनी मामांचा नंबर मागितला. माणूस चिडला, पण नंबर दिला. फोन खुद्द मामांनीच उचलला. चाचांनी शांतपणे तब्येत विचारली, सलाम केला आणि फोन ठेवला. "मामा चहा पिऊन राह्यले," ते त्या माणसाला म्हणाले. "तू बी घेऊन जाय अर्धा कप."

आम्ही दिवसभर हसलो. त्यांच्या बोलण्यावर गाव डोळे झाकून विश्वास का ठेवतं, हे मला त्या दिवशी उमगायला हवं होतं.

पुढे आमच्या भागात पोटनिवडणूक लागली. एका मोठ्या नेत्याच्या कार्यालयातून दोन तरुण माझ्याकडे आले. कपडे नीटनेटके, बोलणं अदबीचं. "शहराचे जुने आवाज जपून ठेवायचा साहेबांचा विचार आहे," ते म्हणाले. माझ्या संगणकात चाचांच्या कित्येक वर्षांच्या दवंड्या होत्या. त्या मी पेनड्राइव्हवर भरून दिल्या. चाचा तेव्हा मुलीकडे अमरावतीला गेले होते. त्यांना एक फोन करता आला असता. मी केला नाही. साहेबांच्या माणसांनी माझ्या खोलीत बसून चहा घेतला, याचंच मला अप्रूप होतं.

मतदानाच्या सकाळी दोन दिवसांपासून पावसाची झड लागलेली होती. मोर्णा नदीकाठच्या वस्तीतून भोंग्याची एक गाडी फिरली. वरच्या धरणातून पाणी सोडलं आहे, दोन तासांत वस्तीत शिरेल, सगळ्यांनी ताबडतोब गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात जावं. आवाज चाचांचा होता. वस्ती रिकामी झाली. ती वस्ती साहेबांना मत देणारी नव्हती, एवढं सांगितलं तरी तुम्हाला पुरे.

पाणी आलंच नाही. मतदानाची वेळ संपली तेव्हा माणसं ओल्या गाठोड्यांसह परत आली. शेवंताबाई मात्र परत आली नाही. तिला चालता येत नव्हतं, म्हणून तिचा मुलगा गजानन तिला भाजीच्या हातगाडीवर घालून नेत होता. उतारावर गाडी उलटली. खुब्याचं हाड मोडलं आणि पंधराव्या दिवशी ती सरकारी दवाखान्यात वारली.

चाचा अमरावतीहून आले ते थेट माझ्या खोलीत. कुणीतरी फोनवर पाठवलेली ती दवंडी त्यांनी मला ऐकवली. डोळे मिटून चार-पाच वेळा ऐकली. मग म्हणाले, "भाऊ, आवाज माहाच हाय. पन यात मी श्वास कुठीच घेत नाही."

त्यानंतरचे दोन महिने मी त्यांच्याबरोबर हिंडलो. पोलीस ठाण्यात विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध? आवाज तर तुमचाच. साहेबांच्या कार्यालयात म्हणाले, प्रचाराचं काम अमरावतीच्या एका कंपनीकडे होतं. आम्ही अमरावतीला गेलो. काचेच्या दारामागे बसलेली मॅनेजरबाई स्वभावाने वाईट नव्हती. "जुन्या रेकॉर्डिंगवरून संगणकात तसाच आवाज तयार करणं आमचं काम," ती म्हणाली. "त्यातून काय बोलायचं ते ग्राहक ठरवतो." ग्राहक कोण, ते मात्र तिला सांगता येत नव्हतं.

शेवटी साहेब भेटले. त्यांनी चाचांना शेजारी बसवलं, शाल मागवली. "चाचा, तुमचा आवाज आम्ही अमर केला," म्हणाले.

चाचांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली. "साहेब, ते बाई मेली."

"वाईट झालं. चौकशी लावतो." साहेबांची नजर तोवर फोनकडे गेली होती.

"चौकशी कोनाची करान? बोलनारा मी, बोललो नाही. बनवनारा म्हनते, मी बोललो नाही. तुमी म्हनता, आमी बोललो नाही. मंग तिले घरातून काढलं कोनं?"

साहेबांनी बेल वाजवली. पुढच्या माणसांना आत सोडलं.

कंपनीत पुन्हा एकदा जाऊन आम्ही अमरावतीहून बसने परतत होतो, तेव्हा बडनेऱ्याच्या पुढे मी त्यांना सांगून टाकलं. पेनड्राइव्ह मी दिला.

त्यांनी खिडकी लावून घेतली. मग विचारलं, "ते काय करनार हायेत, तुले मालूम होतं?"

"नाही."

"इचारलं होतं?"

"नाही."

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझ्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "मले सांगून काय होते? शेवंताबाईच्या पोराले सांग. मी माहं सांगून आलो."

ते खरोखरच सांगून आले होते. वस्तीतल्या प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी न बोललेल्या दवंडीची माफी मागितली होती. "मी बोललो नाही, पन तुमी माह्या भरोशावर निंगाले," असं म्हणाले होते. कुणी पाणी दिलं, कुणी दार लावून घेतलं.

त्यानंतर ते माईकसमोर बसले नाहीत. लेकरू हरवलं की स्वतः गल्लोगल्ली पायी हिंडायचे आणि माणसाच्या समोर उभं राहून सांगायचे. "तोंड दिसलं पायजे," एवढंच म्हणायचे. माझ्या खोलीत यायचे, चहा घ्यायचे, पण गजाननकडे गेलास का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी गेलो नव्हतो. गजाननची हातगाडी दिसली की मी रस्ता बदलायचो. दरम्यान साहेबांनी तरुणांसाठी संगणक केंद्र काढलं. उद्घाटनाला ते तंत्रज्ञानाच्या जबाबदार वापरावर अर्धा तास बोलले. टाळ्या पडल्या. त्या कार्यक्रमाचा माईक मीच लावला होता.

एखाद्या दुपारी काम करताना जुनी फाइल उघडली जायची आणि खोलीत त्यांचा आवाज घुमायचा. मी घाईने बंद करायचो. पुसून टाकायला हात मात्र धजला नाही. अजूनही धजत नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा अमरावतीला मुलीकडे वारले. मुलीचा फोन आला, "वस्तीत सांगा, आणि गाडी फिरवू नका. अब्बांनी बजावलं होतं." मी पायी निघालो. पहिलं घर गजाननचं नव्हतं, तरी मी आधी तिथेच गेलो.

तो अंगणात भाजी निवडत होता. चाचा गेल्याचं मी सांगितलं. मग पेनड्राइव्हचं सांगितलं.

तो म्हणाला, "मले मालूम हाय."

"चाचांनी सांगितलं?"

"नाही. त्यायले मी लय खेपा इचारलं, आवाज कोनं देल्ला. ते म्हनत, ज्यानं देल्ला तो येईन, मी नाव घेत नाही. तुमी मले पाहून रस्ता बदलत होते ना, तवाच समजलं."

त्याने माझ्यावर आवाज चढवला नाही. माफ केलं, असंही म्हणाला नाही. हात धुतले, सदरा घातला आणि म्हणाला, "चला. वस्तीत सांगाचं हाय ना? चाचाचं बी, तुमचं बी, दोनी सांगा. मी संग येतो."

शेजारच्या दारात एक म्हातारी बाहेर आली. काय झालं, तिने विचारलं. मी गजाननकडे पाहिलं. माझ्याऐवजी तो सहज बोलू शकला असता. पण तो हात पाठीमागे बांधून माझ्या शेजारी उभा राहिला, आणि म्हातारीसारखाच माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.