अण्णांच्या दोन खाचा

चार माणसं पंधरा-सोळा वर्षं रोज एकाच भट्टीपाशी चहा प्यायली, की किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. भंगारासारखे ते आपोआप कोपऱ्यात पडत जातात. आमच्या कोपऱ्यात तर आता पाय ठेवायला जागा नाही! आणि एकेक किस्सा असला, की सांगताना हसू येतं आणि सांगून झाल्यावर जेवण जात नाही.

जागा कोल्हापूरचं उद्यमनगर. भट्टी अण्णांची. अण्णा म्हणजे पोलादाला पाणी देणारा माणूस. पत्र्याला आकार देणारी डाय असो, भोक पाडणारा पंच असो, नाहीतर चाकूचं पातं, भट्टीत तापवायचं, नेमक्या रंगाला बाहेर काढायचं आणि कडक करायचं, हे त्यांचं काम. मी शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडरवर. इलाही फिटर, मूठ बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि कांबळे सर पॉलिटेक्निकला धातुशास्त्र शिकवायचे, पण जीव सगळा आमच्यात.

सकाळी अण्णा ज्याला त्याचा नमस्कार करायचे. मला रामराम, इलाहीला सलाम, सरांना जयभीम. तिघं एकदम आत शिरलो तर तिन्ही एका दमात! मग चहा. मग भांडण.

भांडण रोज एकच. घडीच्या चाकूला पातं कुठल्या पोलादाचं घालायचं?

*

ह्या येडेपणाची सुरुवात सरांच्या मेव्हण्यानं केली. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला त्यानं दुबईहून एक घडीचा चाकू आणला. काय त्याचं उघडणं, काय त्याचं मिटणं! सर तो कौतुकानं भट्टीवर घेऊन आले.

पाच मिनिटांत आम्ही त्याचे सगळे स्क्रू काढले. आतली स्प्रिंग टुणकन उडाली ती आजपर्यंत सापडलेली नाही. सर रडवेले झाले. मेव्हण्याला काय सांगणार?

इलाही म्हणाला, "स्प्रिंगचं सोडा ओ सर, पातं बघा की पातं!"

मग पात्यावर कानस घासून बघितली. घसरली. म्हणजे कडक. पण पोलाद कुठलं? सर म्हणाले एक, मी म्हणालो दुसरं. सहा महिने वाद चालला. अण्णा एवढंच म्हणाले, "चाकू दुबईचा, भांडण कोल्हापूरचं. मेव्हणा मात्र फुकट मेला!"

*

मग मीच एक चाकू केला. बेअरिंगच्या पोलादाचा. धार अशी, की हातावरचे केस न दुखता निघायचे. मोठ्या ऐटीत घरी नेला आणि बायकोला दिला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर पातं तांबूस. तिनं लिंबू कापलं होतं आणि तसंच ठेवलं होतं. मी म्हणालो, "अगं, हे पोलाद गंजतं. कापून झालं की पुसायचं आणि रोज तेलाचा हात फिरवायचा."

ती म्हणाली, "माझ्या डोक्याला तेल लावायला मला आठ-आठ दिस येळ हुईत न्हाय, आणि ह्याला रोज?"

त्यानंतर तो चाकू देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर गेला. अजून तिथंच आहे.

*

मग इलाहीनं कडकपणाचं टोक गाठलं. मोठ्या करवतीच्या हायस्पीड ब्लेडचं पातं केलं. कडक म्हणजे किती कडक! तो बढाया मारायला लागला की ह्यानं लोखंड कापतो.

आम्ही चौघं जोतिबाला गेलो होतो. दर्शन झालं, अंगभर गुलाल झाला. इलाहीनं प्रसादाचा फुटका नारळ हातात घेतला, खोबरं काढायला चाकू आत घातला आणि जरा पिरगाळला. टच्! अर्धं पातं नारळात, अर्धं मुठीत. कडक होतं, पण चिवट अजिबात नव्हतं.

समोरचा दुकानदार सगळं बघत होता. म्हणाला, "पावणं, नारळाला दगुड लागतोय. घ्या ह्यो, फुकट हाय!"



*

अण्णांची एक पद्धत होती. भट्टीत घालायच्या आधी पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, तिकोनी कानशीनं दोन बारीक खाचा मारायच्या. एकदा एकानं बाजारात कसलीबाही पाती "अण्णांचं पाणी हाय" म्हणून खपवली, तेव्हापासून.

मी विचारलं, "अण्णा, खाचा काय, कोणीबी मारंल की."

"मारू दे की! पाणी दिल्यावर त्या पात्यावर कानस चालती व्हय? खाच आधी, पाणी मागनं. ज्यानं पाणी दिलं त्यालाच खाच मारता येती." आणि अंगठ्याचं नख त्या दोन खाचांवरून टक्-टक् असं फिरवायचे. सही केल्यासारखं.

भट्टी किती तापली हे मात्र ते नुसत्या रंगावरून ओळखायचे. सरांनी एकदा हट्टानं तापमानाचा मीटर आणून भट्टीला जोडला. अण्णांनी दार उघडलं, आत बघितलं आणि म्हणाले, "हजार वीस." सरांनी मीटर बघितला. हजार वीस!

अण्णांनी मीटरवर आपली टोपी अडकवली आणि म्हणाले, "बरोबर चालतोय तुमचा मीटर. ऱ्हाऊ द्या."

*

दोन हजार सालानंतर राजारामपुरीत इंटरनेटची दुकानं झाली आणि आमचं पुरतं वाटोळं झालं. सर तासन् तास तिथं बसायचे आणि कागदांची चळत घेऊन यायचे. आता नवं पोलाद निघालं होतं, म्हणे पावडर दाबून करतात. धार टिकते, गंजत नाही, तुटत नाही. आमचे डोळेच पांढरे झाले!

पातं बदल, वॉशर बदल, पितळेचे नको, ब्राँझचे लाव, मूठ काढ, म्हशीच्या शिंगाची बसव. एकेका चाकूची चार-चार वेळा बाळंतपणं झाली. त्या पावडरच्या पोलादाची एक पट्टी सरांनी कुणाकुणाच्या हातापाया पडून मिळवली. हातभर सुद्धा नव्हती. तिला हात लावायची कोणाची छाती होईना. कागदात गुंडाळून कपाटात ठेवली.

एकदा अण्णांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वैनींनी, आंबे आणले. म्हणाल्या, "द्या रं कुणाचातरी चाकू."

आम्हा तिघांच्या खिशात तीन चाकू. तिघंही छताकडं बघायला लागलो. धार जाईल ना!

वैनींनी आंबे हातानं पिळून ताटात टाकले. म्हणाल्या, "चाटा आता. चाकू काय, दसऱ्याला पुजायला ठेवलाय?"

*

इथून पुढचं सांगायला मला जड जातं.

अण्णांकडून आलेली पाती मऊ लागायला लागली. ग्राइंडरवर धरलं की हाताला कळतं. पहिल्यांदा वाटलं माल खराब असेल. मग एका गिऱ्हाईकाचा पंच पहिल्याच दिवशी चेपला. मग एका डायला चीर गेली. मी एक पातं गुपचूप कानशीखाली धरलं. कानस चावली! अण्णांच्या पात्याला कानस चावली. म्हणजे अण्णांना रंग नीट दिसत नव्हता.

सर आणि मी त्यांना राजारामपुरीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, पडदा गेलाय, वर्षानुवर्षं भट्टीत बघून आणखी बिघडलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "डॉक्टर, तुमच्या ऑपरेशनचं ब्लेड कुठल्या पोलादाचं असतंय?"

डॉक्टर हसले. आम्हाला हसता आलं नाही.

रिक्षात मात्र अण्णा बोलले. "अजून रंग दिसतोय मला. चेहरे दिसंनात, पर रंग दिसतोय. ज्या दिवशी माझं पाणी उतरलं त्या दिवशी मी खलास. मग जगून काय करू?"

आता ह्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की अण्णा, तुमचं पाणी कधीच उतरलंय?

गिऱ्हाईकं तुटली. आम्ही सांगितलं, बाजार मंदा आहे. वैनी म्हणाल्या, "चला गावाकडं, कोडोलीला, दोन म्हशी राखू." अण्णा म्हणाले, "व्हय, म्हस काळीच असती. तेवढा रंग दिसंल मला!"

*

शेवटी अण्णांनी स्वतःसाठी एक पातं करायला घेतलं. सगळ्या उद्यमनगरला पाणी दिलं, पण स्वतःचा चाकू त्यांनी कधी केला नव्हता. नेहमीच्या डायच्या पोलादाचा तुकडा घेतला. चाचपडत दोन खाचा मारल्या. भट्टीसमोर खुर्ची टाकून बसले आणि "आला रंग!" म्हणून बाहेर काढलं.

माझ्याकडं आल्यावर मी तपासलं. मऊ. लोण्यासारखं मऊ.

आम्ही तिघांनी ठरवलं, पातं बदलायचं. सरळ काम होतं. तसाच तुकडा घ्यायचा, तसाच कापायचा, एमआयडीसीत नव्या भट्टीतून पाणी देऊन आणायचा. संपला विषय. पण आमच्या हातून सरळ काम कधी झालंय? आम्ही आठ दिवस पोलादावरून भांडलो! सर म्हणाले, "अण्णांना साधं पातं कशाला?" इलाही म्हणाला, "ती पट्टी कुणासाठी ठेवलीय मग?"

कपाटातली पट्टी काढली. मी घासली, सरांनी पाणी देऊन आणलं, मशीनवर कडकपणा मोजला, कुठं बोट ठेवायला जागा नाही. इलाहीनं शिंगाची मूठ बसवली, ब्राँझचे वॉशर घातले. आमच्या सगळ्या आयुष्यात एवढा चांगला चाकू आम्ही केला नव्हता. चाकू करून झाल्यावर इलाही दाराआड जाऊन रडला.

सकाळी अण्णांच्या हातात दिला. त्यांनी एका बोटानं उघडला. कानापाशी नेऊन टिचकी मारली, आवाज ऐकला. नखावर धार टेकवली. चेहरा असा खुलला, की चहा घेऊन आलेल्या वैनी भांडं हातात धरून बघत राहिल्या.

मग त्यांचं नख पात्याच्या पाठीवरून मुठीपाशी गेलं. थांबलं. मागं आलं. परत गेलं.

मी सरांकडं बघितलं. सरांनी इलाहीकडं. आठ दिवस पोलादावरून भांडलो आणि खाचा मारायच्या राहिल्या! आणि आता कानस चालणार नव्हती.

"लई झ्याक," अण्णा म्हणाले. "पाणी कुणी दिलंय?"

"तुम्हीच की, अण्णा," इलाही म्हणाला.

"व्हय?"

अण्णांनी चाकू मिटला, खिशात घातला. भिंत चाचपडत गेले आणि भट्टीचं बटण बंद केलं. मग वैनींना म्हणाले, "कोडोलीची गाडी किती वाजता असती बघ."

अण्णा दारातून आमच्याकडं वळले.

"ज्यानं ह्या पात्याला पाणी दिलंय न्हवं," ते म्हणाले, "त्याला माझा रामराम, सलाम आणि जयभीम सांगा."