खंडेनवमीला ‘मेलेला’ मदरबोर्ड

“मदरबोर्ड गेला, काकू,” मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत म्हणालो. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन डॉक्टर बोलतात ना, तसा आवाज काढला होता. तो आवाज मला चांगला जमतो.

काकू म्हणजे शिळफाट्याला डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या सुमनकाकू. पत्रिका, हँडबिलं कॉम्प्युटरवर जुळवायची आणि छपाईला द्यायची, हे त्यांचं काम. डेस्कटॉप जुना. नवा घ्या म्हटलं, तर त्यांचे जुने मराठी फॉन्ट नव्या मशीनवर चालत नाहीत. मोठे फोटो टाकले की मशीन अडकायचं, म्हणून रॅम वाढवायला त्यांनी मला दहिवलीहून बोलावलं होतं. हार्ड डिस्क म्हणजे दुकानाचा माळा आणि रॅम म्हणजे काउंटर. काउंटर लहान असेल तर माळा भरलेला असून उपयोग नाही, सामान मांडणार कुठे?

त्यात गिऱ्हाईक घाईचं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, कुंभिवलीत हायवेला तात्यांच्या टायरच्या दुकानाचं उद्घाटन होतं. हँडबिलं संध्याकाळपर्यंत हवी होती. तात्यांचं काकूंकडे हे पहिलंच काम. हे नीट झालं, तर पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका, आणि तात्यांची भावकी अर्ध्या खालापुरात पसरलेली. काकूंचा जीव त्या पत्रिकेत अडकला होता.

दिवस खंडेनवमीचा. मी कॅबिनेट उघडून जुनी रॅम काढली, तोच काकू पूजेचं ताट घेऊन आल्या.

“आधी पूजा. मग बसव.”

“झाकण लावतोस का रं?” असंही त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, “उघडंच राहू द्या. आतल्या पार्टलाही पावेल देवी.” विनोद केला.

काकूंनी मॉनिटरला फूल वाहिलं, कुंकू लावलं आणि अक्षता माझ्या हातावर ठेवल्या. त्यांनी दोन दाणे वाहिले असते. मी लग्नात उडवतात तशा उडवल्या. वर दिसत होत्या तेवढ्या मग फुंकून टाकल्या.

नवी रॅम बसवायला घेतली. एका बाजूची क्लिप लागली, दुसरी लागेना. जुन्या स्लॉटला जरा जोर लागतोच, म्हणून अंगठ्याने दाबलं. कच्च असा आवाज आला. “बसली,” मी म्हणालो.

बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळाच. आणि बीप. लांब, थांबून थांबून. स्क्रीन लागण्याआधी मशीनला बोलायला एवढंच तोंड असतं. या मशीनची लांब बीप म्हणजे ‘रॅम सापडत नाही’.

रॅम काढली, तिची सोनेरी कडा खोडरबरने घासली, परत लावली. बीप. बोर्डावरचा बटणासारखा सेल काढून पुन्हा बसवला, म्हणजे बोर्ड आधीची सेटिंग विसरतो. बीप. दुसरा स्लॉट मागेच निकामी झालेला. शेवटी सकाळपर्यंत ठणठणीत चालणारी जुनी रॅम त्याच जागी लावली. बीप.

नवी नाही, जुनीही नाही, म्हणजे बोर्ड. तर्क चोख होता. स्लॉटमध्ये आधी टॉर्च मारून बघायचं असतं. मोबाईलला टॉर्च होती. मोबाईल खिशात होता.

“नक्की ना रं, विलास?”

“काकू, केस यात पिकले माझे.”

काकूंनी तात्यांना फोन लावला. “तात्या, मशीन गेलं हो आमचं. तुमी काम समोर द्या.”

“अगं सुमन, आता आयत्या वेळेला?”

“काय करू मग? विलास सांगतोय, उठणार नाय.”

समोर म्हणजे रस्त्यापलीकडचा फ्लेक्सवाला. काकू एरवी त्या बाजूला बघतसुद्धा नाहीत.

त्या ताट आवरायला लागल्या. मी बोर्ड काढायला कॅबिनेट आडवं केलं, मग उलटं. काउंटरवर टपटप लाल दाणे पडले. आता टॉर्च मारली. स्लॉटच्या तळाशी एक लाल कणी, अंगठ्याने दाबून पक्की बसवलेली.

काकूंची हार ओवायची सुई घेतली, कणी काढली, ब्रश फिरवला. रॅम लावली. दोन्ही क्लिपा टक-टक लागल्या. एकच छोटी बीप, म्हणजे सगळं ठीक. स्क्रीन उजळला.

“उठलं गं बाई,” काकू म्हणाल्या. देवीच्या फोटोला हात जोडून त्यांनी मला पेढा दिला. “गुण हाय तुझ्या हाताला.”

मी पेढा तोंडात टाकला. गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण डाव्या तळहातावर ती कणी होती, आणि काकूंची नजर तिच्यावर गेली.

“हे काय रं?”

“अक्षता.”

“कुठं होती?”

“रॅमच्या खाली.”

“माझे दाणे अखंड होते. निवडून घेतले होते. कणी कशी झाली?”

मी अंगठा दाखवला.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुन्हा तात्यांना फोन लावला. समोर काम सुरूही झालं होतं. “बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि काउंटरची स्वच्छ असलेली काच पुसायला घेतली.

दसऱ्याला मी सोनं घेऊन कुंभिवलीला गेलो. तात्यांना सांगितलं, मशीन चांगलं होतं, काकूही चांगल्या, बिघाड माझ्यात होता. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चार पाहुण्यांना हाक मारली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. हसणं ओसरल्यावर म्हणाले, “पत्रिका सुमनकडंच देणार. पण ती छापून होईपर्यंत तू त्या दुकानाची पायरी चढायची नाय.”

इतक्यात पूजा सुरू झाली. नव्या कॉम्प्रेसरवर वाहायला भटजी सगळ्यांना अक्षता देत होते. ते माझ्यापाशी आले, तसा तात्यांनी मध्ये हात घातला.

“याला नको.”

आता कुठलंही मशीन गेलं म्हणण्याआधी मी स्लॉटमध्ये टॉर्च मारतो. आणि खंडेनवमीला झाकण लावून, चारही स्क्रू आवळून, मगच ताटाकडे बघतो. काकू तरीही माझा हात धरून ठेवतात.