कळलावी

पोशीरला आमच्या घरामागच्या कुंपणावर श्रावणात कळलावीचा वेल चढतो. पानांची टोकं दोऱ्यासारखी वळवून तो करवंदीला, बांबूच्या काठीला, हाताशी येईल त्याला धरतो आणि वर येऊन फुलतो. बुडाशी पिवळी, टोकाला लाल फुलं, पाकळ्या वर उलटलेल्या, नुकत्या पेटलेल्या चुलीसारख्या. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. सासूबाई त्याला उपटत नाहीत आणि आतही येऊ देत नाहीत. कळलावीचं फूल घरात आलं की भांडण लागतं, असं आमच्याकडे मानतात. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी दोन फुलं पेल्यात घालून खिडकीत ठेवली होती. सासूबाईंनी ती पाहिली. पेला उचलला, मागच्या दारी नेऊन उपडा केला, घासला आणि फडताळात ठेवला.

पुढच्या संक्रांतीला ते नाव मलाच पडलं. हळदीकुंकवाला बायका वाण म्हणून डबे, चाळण्या, कंगवे वाटतात. मी तिळगुळाबरोबर एक पत्रक वाटलं. दवाखान्यात गेल्यावर गरोदर बाईने काय काय विचारावं आणि विचारणं हा तिचा हक्क कसा आहे, हे त्यात सोप्या भाषेत लिहिलं होतं. पलीकडच्या घरातली सून तपासणीला गेली आणि सासूच्या देखत डॉक्टरांना एकेका गोळीचं कारण विचारत बसली. दोघी गेल्या एका रिक्षातून, आल्या दोन रिक्षांतून. तेव्हापासून मी आळीतली कळलावी. हे मला सासूबाईंनीच हसत सांगितलं आणि वर म्हणाल्या, "फूल बाहेर टाकता येतं गं. सुनंला कुठं टाकू?"

पत्रक ही माझ्या माहेरच्या घरातली जुनी वस्तू. माहेर खालापूर तालुक्यातलं. वडील कारखान्यातल्या कामगारांच्या संघटनेत, आई बायकांच्या. पत्रकांचे गठ्ठे तांदळाच्या पिंपाशेजारी असायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. मोठ्या ठशातली अक्षरं शाळेत जायच्या आधीच ओळखायला लागले, ती मथळ्यांवरून. त्यातलं एक पत्रक आईने स्वतः लिहिलं होतं. मथळा होता, 'सुई कसली, ते सांगा'.

ती सुई माझ्या जन्माच्या वेळची. तालुक्यातल्या एका दवाखान्यात आई बाळंतपणासाठी होती आणि तिच्या कळा मंदावल्या होत्या. कुणीतरी आलं आणि दंडात सुई टोचून गेलं. थोड्या वेळाने कळांमध्ये उसंतच उरली नाही. एक ओसरायच्या आत दुसरी. आईने विचारलं, सुई कसली होती? उत्तर मिळालं, तुला काय करायचंय, पोर होण्याशी मतलब. मी जन्मले ती काळीनिळी होऊन, रडायलाही वेळ लावला. पुढे जी तोंड उघडून बसली ती अजून गप्प झाली नाही, असं वडील म्हणतात. पण आई त्या सुईपाशीच राहिली. नंतर अनेकांनी तिला अंदाज सांगितले. तिला अंदाज नको होते. दवाखान्यातल्या कपड्यातल्या माणसाने समोर उभं राहून सांगावं, एवढंच तिचं म्हणणं. ते कुणी सांगितलं नाही. तिने पत्रक काढलं, सभांमध्ये वाचलं, आणि दवाखान्याच्या फाटकाच्या आत शक्यतो पाऊल टाकलं नाही.

मला दिवस राहिले तेव्हा तिने डिंकाचे लाडू केले, जुन्या साड्यांची दुपटी शिवली आणि एकच गोष्ट बजावली. "तुला विचारल्याशिवाय काही टोचू देऊ नको."

रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी. पण नवरा आणि मी भिसेगावला वेगळे राहतो आणि मी ज्यांच्याकडे तपासायला जात होते त्या डॉक्टर कर्जतला. आईनेच रीत सोडली. माणूस बरं आहे ना, मग तिथेच, म्हणाली. नवरा दिवसभर मुंबईला कामावर, म्हणून शेवटचे दिवस मी पोशीरला सासूबाईंजवळ काढत होते.

एका संध्याकाळी सासूबाई अळूची पानं निवडत होत्या, मी शेजारी बसले होते, आणि माझं पाणी गेलं. कळ मात्र एकही नव्हती. सासूबाईंनी हात पुसले, शेजारच्या मुलाला गाडी काढायला सांगितली आणि अळू तसंच झाकून ठेवलं. कर्जतला पोहोचलो. नवरा कामावरून परस्पर तिथेच आला. आईला खालापूरहून वडिलांनी मोटरसायकलवर आणलं. ती फाटकातून आत आली, पण बाहेरच्या बाकापर्यंतच. त्यापुढे तिचे पाय उठेनात. मी तिला आत चल म्हटलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं. बाळाचे ठोके चांगले होते. सकाळपर्यंत वाट पाहू, पुष्कळदा कळा आपल्या आपण सुरू होतात, म्हणाल्या. सकाळ झाली तरी कळांचा पत्ता नव्हता. आत जी सिस्टर होती, मोठ्या आवाजाची आणि हळू चालीची, ती म्हणाली, जरा कळ काढा, फेऱ्या मारा.

"कळ नाय म्हनून तर कळ काढाय लागते," सासूबाई म्हणाल्या, आणि माझा हात धरून व्हरांड्यात फेऱ्या मारू लागल्या.

त्या फेऱ्यांमध्ये त्यांनी कळलावीचं सांगितलं. मी एवढे दिवस ते नाव मिरवत होते आणि भांडणाची कळ लावणारी, एवढाच त्याचा अर्थ धरून चालले होते. त्या म्हणाल्या, भांडणाची नंतरची, आधी पोटातली. त्यांच्या थोरल्या पोराच्या वेळी, म्हणजे माझ्या दिरांच्या, कळा थांबल्या होत्या. सुईणीने कुंपणावरच्या वेलाची मुळी उगाळून त्यांच्या तळपायांना लावली. मुळी विषारी, म्हणून सुईण पाण्याचा तांब्या घेऊन पायाशीच बसून राहिली. पोर बाहेर आलं रे आलं की पाय धुवायचे, लेप राहिला तर बाईच्या जिवावर बेतेल, अशी तिची समजूत. मुळीमुळे कळा आल्या की यायच्याच होत्या म्हणून आल्या, हे त्यांना आजही माहीत नव्हतं. आता कुणी लावायला निघालं तर मी हात धरीन, म्हणाल्या. मग थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "पन ती उठली नाय गं. पोर होईस्तवर पायाशीच होती."

डॉक्टर आल्या तेव्हाही कळा नव्हत्या. त्या खुर्ची ओढून बसल्या. मला वाटतं, मी त्यांची ऋणी आहे ती सगळ्यात आधी त्या खुर्चीसाठी. उभ्या उभ्या सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं की पाणी जाऊन बराच वेळ झाला, आता थांबावं तसा तुम्हाला आणि बाळाला जंतूंचा धोका वाढत जाणार. सलाईनमधून औषध देऊन कळा आणता येतात. त्या औषधाने कधी कधी कळा फार जवळजवळ येतात आणि बाळ दमतं. तसं झालं तर औषध थांबवायचं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर सिझर. मी सुचवीन की औषध लावावं. पण तुम्ही सांगा.

मला माझ्या पत्रकातली सगळी वाक्यं पाठ होती. घाई करू देऊ नका, वेळ नाही म्हणून, सुट्टी आहे म्हणून कळा आणू देऊ नका. ती वाक्यं मी आजही मागे घेणार नाही. असं होतं, हे मी बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. पण इथे समोर कारण होतं, धोका होता आणि दोन्ही मला माझ्या भाषेत सांगितलं जात होतं. मी हो म्हटलं आणि एक अट घातली. औषध वाढवाल तेव्हा दरवेळी मला आधी सांगायचं.

डॉक्टर म्हणाल्या, सांगू. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. "मी ठोके बघू का भाषण देऊ?"

"दोन्ही करा," मी म्हटलं.

"बरं बाई."

बाटली लागली. नळीवर एक छोटं चाक असतं, ते फिरवलं की थेंब जलद पडतात. सिस्टरचा अंगठा त्या चाकावर गेला की आधी तिचा आवाज यायचा, "वाढवते हं." पहिल्यांदा मी ऐटीत हो म्हटलं. पुढे नुसती मान हलवली. कळा आल्या, खऱ्या आल्या, कमरेतून निघून मांड्यांपर्यंत जाणाऱ्या. एकदा तिने विचारलं आणि मी नको म्हटलं. तिने अंगठा काढला, शेजारच्या बाईला बघून आली, आणि मग पुन्हा विचारलं. तेव्हा मी हो म्हटलं. बोलण्याचं त्राण उरलं नाही तरी तिचं विचारणं सुटलं नाही. सासूबाई माझ्या पायाशी बसल्या होत्या आणि तळपाय चोळत होत्या. दोघींमध्ये मी निर्धास्त होते, इतकी की कळांमध्ये मला मधून मधून डुलकी लागत होती.

दुपार टळायला आली आणि कळांमधली उसंत गेली. एक ओसरायच्या आत दुसरी. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते, म्हणून ओळखलं. यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येत होते, पळणाऱ्या बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांसारखे. ते मंद झाले. मग मधे जागा पडू लागली.

सिस्टर कुठून आली ते मला दिसलं नाही. चाक बंद झालं, मला डाव्या कुशीवर वळवलं गेलं, तिचा एक हात माझ्या पोटावर आणि दुसऱ्या हाताने खुणावून तिने डॉक्टरांना बोलावणं धाडलं. ती काहीच बोलली नाही. तिची हळू चाल, मोठा आवाज, सगळं गेलं होतं. सासूबाईंनी माझे पाय घट्ट धरले होते. मी बाळाशी बोलत होते, काय ते आठवत नाही. डॉक्टर आल्या. आम्ही सगळ्याजणी नुसतं ऐकत होतो.

ठोके परत आले. आधी अडखळत, मग पहिल्यासारखे पळत.

सिस्टरने बाहीने कपाळ पुसलं. माझ्या तोंडून काय निघावं? "न सांगता बंद केलंत."

तिला हसू आवरेना. "सुरू करताना विचारीन," ती म्हणाली. "बंद करताना विचारत नसते मी."

असलं सरळ वाक्य मला कुठल्याच पत्रकात लिहिता आलं नव्हतं.

डॉक्टरांनी बराच वेळ थांबून पुन्हा तपासलं. बाळ सावरलं होतं, सिझरची गरज नव्हती, पण कळा पुन्हा विरळ झाल्या होत्या. सिस्टरने चाकाला हात लावला आणि थांबली. अगदी थोडं लावते, चालेल? मी म्हटलं, लावा.

उन्हं उतरायच्या आत मुलगी झाली. बाहेर येताच ओरडली, जोरात, लालबुंद होऊन. सिस्टर म्हणाली, ही पण भाषण देणार.

मग आई आत आली. बाकावरून उठून, तो सगळा व्हरांडा ओलांडून, स्वतःच्या पायांनी. चपला दाराबाहेर काढल्या. मुलगी की मुलगा विचारलं नाही, बाळाकडे पाहिलंही नाही. माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "विचारलं का तुला?"

"विचारलं."

"दरवेळी?"

"दरवेळी."

ती खाटेच्या कडेला बसली. बाळ तिच्या मांडीवर दिलं, ते तिने घेतलं, पण नजर त्या बाटलीवर होती. अजून लटकत होती, तळाशी थोडं औषध उरलेलं. सिस्टर ती काढायला आली तेव्हा आई म्हणाली, "ताई, माझ्या हिच्या वेळी मला दंडात एक सुई दिली होती. कळा थांबल्या होत्या. मग अशा आल्या की श्वास घेता येईना. ती कसली होती?"

मी सिस्टरकडे बघत राहिले. तिची पाळी संपत आली होती, दिवसभर तिने बूड टेकलं नव्हतं. मला काय ठाऊक, तेव्हा मी कुठे होते, असं ती म्हणाली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. तिने बाटली खाली ठेवली आणि आईच्या समोर उभी राहिली.

"मी तिथे नव्हते मावशी, त्यामुळे छातीठोक नाही सांगणार. पण तुम्ही सांगताय त्यावरून बहुतेक हेच औषध. ऑक्सिटोसिन. कळा आणण्यासाठी हे असं थेंबाथेंबाने द्यायचं असतं. सुईने एकदम गेलं की परत काढून घेता येत नाही. तुम्हाला तसं द्यायला नको होतं. आणि सांगायला हवं होतं."

आईने ते नाव हळूच म्हणून पाहिलं. अडखळली. पुन्हा म्हटलं. मग पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिला मोर्चात पोलिसांसमोर उभी राहिलेली मी पाहिली आहे. तिचे खांदे असे सैल झालेले मी कधी पाहिले नव्हते.

सासूबाई दुपट्याची घडी घालत होत्या. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं.

"एवढं वाकडं नाव कशाला घेता," त्या म्हणाल्या. "कळलावी म्हना की."

आईला पदराआड हसू फुटलं, आणि मांडीवरची मुलगी दचकून पुन्हा रडायला लागली.