शेजाऱ्यांचे डबे आणि चोवीस डिसेंबर

यंदा आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर आमची भांडी कमी आणि दुसऱ्यांची जास्त झाली होती. कडीचे डबे, चपटे डबे, झाकणाची पातेली. प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव ठोकलेलं. लग्नात, बारशात भांडं देताना आपल्याकडे नाव घालून देतात, त्यामुळे भांडं कुठल्या घरचं हे विचारावं लागत नाही. मी शाळा चौथीत सोडली, पण तेवढी नावं मला वाचता येतात. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की ती सगळी नावं माझ्याकडे बघत बसायची.

झालं असं, की पावसाळ्यात माझी बायको मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मग खाट. मुलगी पुण्याहून आली, सुट्टी होती तोवर राहिली आणि नोकरीवर परत गेली. मागे उरलो मी. मला चहा सोडून काही येत नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशावर जन्म काढला. घरी आलो की हात धुवायचे आणि ताटावर बसायचं, एवढंच शिकलो.

आमची बिल्डिंग जेलरोडला. नाताळ करणारं घर आमचं एकटंच. बायको दवाखान्यातून घरी आली त्या संध्याकाळी पहिला डबा आला, मेथीची भाजी आणि भाकरी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरून. बायांनी आपसात वार लावून घेतले असावेत, मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी म्हणत होतो, "कशाला, आम्ही खानावळ लावतो." त्या "हो काका" म्हणायच्या आणि डबा ओट्यावर ठेवून जायच्या.

आता आमच्या घरात भांडं रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं द्यायचं नाही. मी पहिला डबा धुऊन पुसला आणि बायकोला विचारलं, "साखर घालून देऊ?"

ती खाटेवरून म्हणाली, "दोन्ही वेळचं जेवण देतायत ते. आणि तुम्ही चिमूटभर साखरेवर फिटवणार?"

"मग काय घालू?"

"मी उठले की बघू. तोवर एकही डबा हलवायचा नाही."

तिचं उठणं लांबलं. दिवाळीत घराघरातून फराळ आला आणि मांडणी भरून डबे ओट्याखाली गेले. मग लोकांचेच डबे संपले. समोरच्या घरची सून, त्यांची गंगापूरकडे फुलांची शेती आहे, एक दिवस श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात आमटी घेऊन आली.

"काका, आता डबे द्या बरं. रिकामेच द्या. पोरांचे शाळेचे डबेपण तुमच्याकडं अडकलेत."

"मिळणार नाहीत."

"अहो, माझेच आहेत ना?"

"तुझेच आहेत. भरले की मिळतील."

ती हसत हसत गेली. पण सासूला जाऊन सांगितलं, काकांनी आपली भांडी जप्त केली म्हणून. जिन्यात मला कुणी ना कुणी विचारायचं, "काय काका, जप्ती उठली का?"

डिसेंबर लागला तशी बायको वॉकर धरून खोलीतल्या खोलीत फिरायला लागली, आणि तिनं ठरवलं: नाताळला सगळे डबे नानकटाईनं भरून जायचे. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मी पुण्याहून छान पुडे पाठवते." बायको म्हणाली, "त्यांनी आपल्याला विकतचं घातलं नाही." मुद्दा तिथंच संपला. आमच्याकडे बेकरीत सामान घरचं द्यायचं, ते भाजून देतात आणि मजुरी घेतात. तिच्या हातचं नसलं तरी तिच्या मापाचं तर होईल.

मी म्हटलं, सामान मी आणणार आणि बेकरीतही मीच जाणार. मुलगी म्हणाली, "मी फोनवरून किराणा मागवते, घरी येईल." मी म्हटलं, माझे पाय अजून शाबूत आहेत. बायको म्हणाली, "मग लवकर जा, वीस तारखेपर्यंत उरकून टाका." मी म्हटलं, नानकटाई ताजी हवी, चोवीस तारखेलाच जाणार. कुणी मला दोनदा सांगितलं की मी ती गोष्ट करत नाही. हे लग्नापासून तिला ठाऊक आहे, तरी तिनं मला तिसऱ्यांदा सांगितलं.

चोवीसला सकाळी स्वेटर, कानटोपी घालून निघालो. बायकोनं मापं माझ्याकडून म्हणवून घेतली, पोराकडून पाढे म्हणवून घ्यावेत तशी. मैदा, बेसन, थोडा रवा, पिठीसाखर, साजूक तूप, वेलदोडा, जायफळ. शेजाऱ्यांचे सगळे डबे मी गोणीत भरून बरोबर घेतले.

"अहो, आपला मोठा डबा न्या ना. घरी आणून ह्यांच्यात भरू."

"आधी आपल्यात भरा, मग त्यांच्यात भरा, हा दुहेरी उद्योग कशाला?"

तिनं कपाळावर हात मारला. मी खांद्यावर गोणी घेऊन खडखड वाजत जिना उतरलो.

देवी चौकातल्या किराणा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या चर्चच्या मंडळीतली दोन-तीन घरं तिथंच भेटली. "सलाम, सलाम" झालं. शेठ मला जुना ओळखतो.

"काय बाबा, आज आठवण आली का नाताळची?"

"नाताळ उद्या आहे ना? मग आजच येणार."

"लोक पंधरा दिवसांपासून सामान नेतायत."

"मग लोकांची नानकटाई शिळी."

दुकानातल्या बाया हसल्या. मलाही बरं वाटलं. सामान निघत गेलं, तुपाची बरणी काउंटरवर आली, आणि शेठ म्हणाला, "पिठीसाखर संपली. साखर न्या आणि मिक्सरला फिरवा." मिक्सर मला चालवता येत नाही हे मी त्याला सांगणार नव्हतो. मी म्हटलं, "सणाच्या आदल्या दिवशी पिठीसाखर नाही, तर दुकान उघडलं कशाला?" तो काहीतरी बोलला, मी काहीतरी बोललो. तावातावानं पैसे टाकले, पिशवी आणि गोणी उचलली आणि बाहेर पडलो. पिठीसाखर मला तिसऱ्या दुकानात मिळाली. तिथून रिक्षा केली आणि देवळाली गावाकडच्या बेकरीत गेलो.

बेकरीपुढे रांग होती. घरगुती सामानाची ही शेवटची पाळी, नंतर भट्टीत संध्याकाळचा पाव जाणार, असं बेकरीवाल्यानं मोठ्यानं सांगून ठेवलं होतं. माझ्या मागे कुणी उभं राहिलं तर त्यालाच तो परत पाठवत होता. म्हणजे रांगेत शेवटचा मीच. माझा नंबर आला तशी मी गोणी रिकामी केली आणि डबे त्याच्या फळीवर मांडले.

तो एकेक डबा उचलून त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायला लागला. एक आडनाव, दुसरं आडनाव, तिसरं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चाचा, खरं बोला. कुठल्या लग्नातून उचलून आणले?"

भट्टीपाशी आपापल्या मालासाठी थांबलेल्यांत हशा पिकला. मी म्हटलं, "शेजाऱ्यांचे आहेत. तू पीठ बघ."

तेवढ्यात मागून आवाज आला, "अगंबाई! हा तर माझ्या पोराचा डबा!" समोरची सून पाव न्यायला आली होती. तिनं सरळ पुढं येऊन डब्याला हात घातला. मीही दुसऱ्या बाजूनं धरला.

"काका, सोडा. सुट्टी संपली की पोराला शाळेत न्यायचाय."

"रिकामा मिळणार नाही."

"ह्या काकांना सांगा हो कुणीतरी!"

बेकरीवाला म्हणाला, "पहले फैसला करा, मग मी पीठ मळतो." डबा माझ्याच हातात राहिला. त्यानं परात पुढं ओढली, मैदा बघितला, बेसन बघितलं, साखर बघितली आणि विचारलं, "तूप?"

मी पिशवीत हात घातला. वेलदोडा होता, जायफळ होतं. तूप नव्हतं. बरणी शेठच्या काउंटरवर राहिली होती. आणि दुपार झाली होती, म्हणजे शेठ शटर ओढून जेवायला गेलेला.

मी उभा राहिलो. कानटोपी काढली, पिशवी फळीवर उपडी करून पुन्हा बघितली. घरी ती खुर्चीत बसून वाट बघत असेल, डबे भरून येतील म्हणून. चार महिन्यांत तिनं एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मी स्वतःच्या तोंडानं घालवून आलो होतो. बेकरीवाला म्हणाला, "दहा-पंधरा मिनिटं थांबतो चाचा. मग पाव टाकावा लागेल."

"मी आणतो कुठून तरी," मी म्हटलं.

समोरची सून म्हणाली, "तुम्ही कुठं जाता काका? इथंच थांबा. नंबर सोडू नका." मी नको नको म्हणेपर्यंत तिनं गाडीला किक मारली होती.

ती आली तेव्हा तिच्या हातात डबा होता. घरचं तूप. साय साठवून कढवलेलं, वरून रवाळ थिजलेलं. मला माहीत होतं, संक्रांतीच्या लाडवांसाठी तिची सासू ते साठवत होती.

"हे नाही चालायचं," मी म्हटलं.

"का? आमच्या म्हशीचं ख्रिस्ती लोकांना चालत नाही?"

बेकरीवाल्यानं माझ्याकडे न बघता तिच्या हातातून डबा घेतला आणि तूप परातीत उपडं केलं. तळहातानं तूप आणि साखर तो फेसत राहिला, पांढरं शुभ्र होईपर्यंत. मी त्या परातीकडे बघत राहिलो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. रिकामा झालेला डबा मी उचलला आणि गोणीतल्या डब्यांत ठेवला. ती म्हणाली, "घ्या! हापण जप्त!"

नानकटाई भट्टीतून निघाली, थोडी निवली आणि डब्यांत भरली. "झाकणं लावू नका, वाफ धरेल," असं त्यानं बजावलं. म्हणून उघडे डबे मांडीवर, पायाशी, बाजूला ठेवून मी रिक्षात बसलो. रिक्षावाला प्रत्येक खड्ड्याला थांबून जात होता. उतरताना मी त्याला दोन नानकटाया दिल्या. त्यानं एक खाल्ली आणि एक घरच्यासाठी वरच्या खिशात ठेवली.

संध्याकाळी शेठनं दुकान उघडल्यावर मी जाऊन बरणी आणली. त्यानं ती बाजूला काढून ठेवली होती. ती तशीच समोर नेऊन दिली. सूनबाईनं गुपचूप घेतली. मला मोकळं वाटलं. घरात येऊन बायकोला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "तूप फिटलं. तिचं उठून धावणं कशानं फिटवाल?"

चार महिन्यांत कितीदा तरी जिना चढून ह्या बाया आल्या, गॅस बंद केला का म्हणून बघून गेल्या, हिचे केस विंचरून गेल्या. त्या सगळ्याला मी मनात एकच शब्द ठेवला होता, उपकार. आणि उपकार म्हटलं की माझी मान ताठ होते. त्या रात्री खाटेवर पडून पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला लोकांनी सांभाळलं. साधी गोष्ट. देवाचे आभार प्रार्थनेत मी रोज मानतो, माणसांचे मानायला मला इतका वेळ लागला.

नाताळच्या सकाळी उपासनेहून आलो तर बायको नवं लुगडं नेसून तयार. "मी स्वतः देणार," म्हणाली. दोन्ही हात वॉकरवर, मग डबे धरणार कोण? मी धरले. ती पुढे, टक टक करत. मी मागे, डब्यांची चळत हनुवटीखाली दाबून. ऑपरेशननंतर तिनं पहिल्यांदाच उंबरा ओलांडला होता. आमच्या मजल्यावर सगळ्यांची दारं आपोआप उघडली, खालच्या बाया जिना चढून वर आल्या. नाव वाचून मी एकेक डबा देत गेलो. कुणी हिच्या गालाला हात लावला, कुणी डोळे पुसले. कुणीतरी ओरडलं, "जप्ती उठली हो!"

शेवटी समोरचं दार. सूनबाईनं डबा तिथंच उघडला, एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "तूप मात्र एक नंबर हं काका!"

तिची सासू आतून हसली. मी रात्रभर जुळवून एक वाक्य तयार ठेवलं होतं. चांगलं वाक्य होतं, पाळकसाहेब वेदीवरून बोलतात तसं. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनी आमच्या घराला..."

"काका, ते राहू द्या," ती म्हणाली. "चहा टाकलाय, आत या. काकूंना खुर्ची देते."

इतकी वर्षं समोरासमोर राहतो, पण मी त्यांच्या घरात कधी बसलो नव्हतो. दारातूनच बोलायचो. कुणाच्या घरी बसलं की काहीतरी घ्यावं लागतं, म्हणून. बायकोनं वॉकर उंबऱ्यापलीकडे टेकवला आणि माझ्याकडे वळून बघितलं.

मी चपला काढल्या. आत जाऊन बसलो. चहात साखर जास्त होती, तरी दुसरा कप मी मागून घेतला.